नफा वाढू द्या, तोटा वेळीच तोडा

जे कापड खपते ते दुकानदार पुन्हा मागवतो आणि जे पडून राहते ते कमी भावात काढून टाकतो. हा धडा आपल्या व्यापारी बांधवांना कोणी शिकवावा लागत नाही. पण तोच दुकानदार शेअर बाजारात गेला की उलटा वागतो. थोडा वर आलेला शेअर घाईने विकतो आणि पडलेला शेअर ‘भाव परत येईल’ म्हणून वर्षानुवर्षे सांभाळतो.

ही खोड सर्वत्र आहे. अमेरिकेत टेरन्स ओडीन यांनी १९८७ ते १९९३ या काळातील दहा हजार खाती तपासली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, लोकांनी विकलेले नफ्याचे शेअर पुढील वर्षात त्यांनी ठेवलेल्या तोट्याच्या शेअरपेक्षा सरासरी ३.४ टक्क्यांनी सरस ठरले.

आपल्याकडचे उदाहरण सत्यम कॉम्प्युटर्सचे. डिसेंबर २००८ मध्ये कंपनीने प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित कंपन्या विकत घेण्याचे जाहीर केले. विरोध होताच बेत मागे घेतला, तरी दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे ३० टक्के पडला. हा इशारा होता. ७ जानेवारी २००९ रोजी हिशेबातील घोटाळ्याची कबुली आली आणि एकाच दिवसात भाव ७५ टक्क्यांहून अधिक कोसळला.

हिशेब पाहा. २० टक्के तोटा भरून काढण्यास २५ टक्के वाढ लागते, ५० टक्क्यांस १०० टक्के आणि ७५ टक्क्यांस ३०० टक्के.

म्हणून आम्ही चार नियम सुचवतो.

१) खरेदीपूर्वीच बाहेर पडण्याचा भाव वहीत लिहा. उदाहरणार्थ, खरेदी २०० रुपये, बाहेर १८० रुपये.

२) एका सौद्यात भांडवलाच्या २ टक्क्यांहून अधिक तोटा होऊ देऊ नका. भांडवल एक लाख असेल तर २,००० रुपये. दर शेअरमागे धोका २० रुपये, म्हणजे शंभरच शेअर घ्या.

३) भाव २६० झाला तर बाहेर पडण्याचा भाव २३५ वर आणा. तो वर सरकवावा, खाली कधीही नाही.

४) सरासरी भाव कमी करण्यासाठी पडत्या शेअरमध्ये आणखी पैसा घालू नका.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाईट बातमी आली की बाजार आपल्या ठरलेल्या भावाच्या बराच खाली उघडू शकतो. तेव्हा सगळी रक्कम एकाच शेअरमध्ये नको. माल भरायचा, कारागिरांच्या मजुरीचा किंवा उसना आणलेला पैसा तर बाजारात नकोच.

निर्णय होत नसेल तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: आज हातात रोकड असती तर याच भावाला हा शेअर आपण घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो पडून राहिलेला माल आहे. काढून टाका.