गाळाचा हंगाम आणि फेलोशिपचे वर्ष

सोलापुरात बसून कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशावर पीएच.डी. करता येते, कारण तिथला गाळ काही अंशी इथूनच जातो. भीमा आणि सीना या दोन्ही नद्या जिल्ह्यातली काळी माती वाहून नेतात. भीमा पुढे रायचूरजवळ कृष्णेला मिळते. 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने हा गाळ अडवायला सुरुवात केली. खाली कृष्णेवर श्रीशैलम आणि नागार्जुनसागर आहेतच. समुद्राकडे जाणारा गाळ घटला की त्रिभुज प्रदेशाचे खचणे भरून निघत नाही आणि किनारा मागे सरतो.

विषय चांगला असला तरी खर्चाची बाजू नोंदणीआधीच तपासावी लागते. नेटमधून जेआरएफ मिळाल्यास 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 आणि पुढे 42,000 रुपये मिळतात, घरभाडे वेगळे. एकूण मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे. सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या फेलोशिप त्या-त्या समाजघटकांसाठी असतात. त्यांची जाहिरात दरवर्षी ठरल्या तारखेला येईल असे धरून चालू नये. या रकमेत पोट भागते. होडीचे भाडे, मदतनिसाची मजुरी, गाळाच्या नमुन्यांचे वयमापन हे सारे आकस्मिक खर्चातून भागवायचे असते आणि तिथली वार्षिक तरतूद तुटपुंजी असते.

खरी गोची वेळेची आहे. वर्षभराच्या गाळाचा बहुतेक भाग पुराच्या मोजक्या दिवसांत वाहतो, तर पैशाचे वर्ष 31 मार्चला संपते. जूनमध्ये मंजुरी आली आणि पहिली रक्कम दिवाळीनंतर पडली, तर तो पावसाळा गेलाच. पुढच्या पुरापर्यंत थांबण्यावाचून इलाज नाही. शिवाय विद्यापीठाने दरमहा ऑनलाइन पुष्टी दिल्याखेरीज जेआरएफची रक्कम सुटत नाही. संबंधित टेबलावरचा माणूस रजेवर असला की महिना लांबतो.

म्हणून पहिल्या पावसाळ्याचे काम घराजवळ ठेवावे. भीमेवर टाकळी आणि सीनेवर वडकबाळ या दोन्ही ठिकाणी केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रे आहेत आणि दोन्ही विजापूर रस्त्यालगत, सोलापूरहून सकाळी जाऊन दुपारी परतण्याच्या अंतरावर. पाण्याच्या खोलीच्या सहा दशांशावर बाटली बुडवून नमुना घ्यायचा, गाळून वाळवायचा आणि 0.2 व 0.075 मिलिमीटरच्या चाळण्यांनी जाड, मध्यम, बारीक असे भाग पाडायचे, ही आयोगाचीच पद्धत. ती पाळली तर आपले आकडे त्यांच्या जुन्या आकड्यांशी ताडता येतात आणि खर्चही जुजबी राहतो.

त्रिभुज प्रदेशातले खोदनमुने दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षावर टाकावेत. त्याआधी वयमापनाची प्रयोगशाळा ठरवून, शुल्क आणि रांग विचारून लेखी उत्तर घ्यावे. कार्बन वयमापनासाठी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात सोय आहे. निधीच्या अर्जात सरसकट रकमेपेक्षा नमुन्यांची संख्या आणि प्रतिनमुना दर लिहावा, म्हणजे तज्ज्ञ समितीने कात्री लावली तरी कोणते नमुने सोडायचे हे विद्यार्थ्यालाच ठरवता येते.