विजेची वाहतूक आणि तिचे नियोजन

एखाद्या प्रदेशात विजेची मागणी वाढली की तेथे नवे वीजघर उभारावे, हा विचार प्रथम सुचतो. परंतु आपल्या देशात कोळसा मुख्यतः छत्तीसगड, झारखंड व ओडिशा या राज्यांत आहे. विजेची गरज मात्र दूरवरच्या शहरांना व कारखान्यांना आहे. म्हणून वीज निर्माण करण्याइतकेच ती वाहून नेणे महत्त्वाचे ठरते.

तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. विद्युत्‌दाब दुप्पट केला तर तीच शक्ती निम्म्या प्रवाहाने नेता येते आणि नाश एकचतुर्थांशावर येतो. ४०० किलोव्होल्टची एक वाहिनी लांब पल्ल्यावर साधारण पाचशे ते सहाशे मेगावॉट वाहते; ७६५ किलोव्होल्टची वाहिनी बावीसशेच्या आसपास. शक्ती चौपट होते, पण जमिनीचा पट्टा दुप्पटही लागत नाही. शेतातून मनोरे जाणार असतील तेव्हा हा हिशेब कागदावरचा राहत नाही.

दाब किती ठेवावा हे गणिताने ठरते. दोन प्रदेश एकमेकांना कसे जोडावेत, हा प्रश्न त्याहून कठीण आहे. उत्तर, पश्चिम, पूर्व व ईशान्य हे चार विभाग ऑगस्ट २००६ पासून एकाच ठोक्यावर, म्हणजे सेकंदाला सुमारे पन्नास आवर्तनांच्या एकाच कंप्रतेने, चालत होते. दक्षिण विभाग मात्र निराळा होता. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथील केंद्र, ओडिशातील तालचेरपासून कर्नाटकातील कोलारपर्यंतची वाहिनी अशा मोजक्या एकदिश प्रवाहाच्या दुव्यांनीच तो इतरांशी जोडलेला होता. अशा दुव्याची तुलना पहारेकरी असलेल्या दाराशी करता येईल. दोन्ही बाजूंची कंप्रता जुळावी लागत नाही आणि ठरवून दिली असेल तेवढीच वीज पलीकडे जाते.

३० जुलै २०१२ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास बीना–ग्वाल्हेर वाहिनी बंद पडली आणि संपूर्ण उत्तर विभाग अंधारात गेला. वाहिनी तुटलेली नव्हती. तिच्यावरील भार इतका वाढला की संरक्षक यंत्रणेने त्यालाच बिघाड मानले. जोडीची दुसरी वाहिनी ७६५ किलोव्होल्टपर्यंत वाढविण्याच्या कामासाठी त्या वेळी बंद ठेवलेली होती, हे विशेष! दुसऱ्या दिवशी दुपारी तीच वाहिनी पुन्हा सुटली. या वेळी उत्तर, पूर्व व ईशान्य असे तीन विभाग कोसळले आणि सुमारे साठ कोटी लोकांच्या प्रदेशाची वीज गेली. तालचेरकडून येणारी वीज एकाएकी घटल्याने दक्षिणेची कंप्रताही खाली आली, परंतु तो विभाग उभा राहिला.

मग दक्षिणेने वेगळेच राहावे काय? ज्या अरुंद दाराने संकट अडविले, त्याच दाराने मदतही अडविली होती. त्याच वर्षी तमिळनाडूतील अनेक गावे दिवसाचे कित्येक तास विजेवाचून काढीत होती. इतरत्र वीज शिल्लक असतानाही ती आणण्यास वाट अपुरी होती. नियोजकांनी जोडणीच पत्करली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर–रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि पाचही विभाग एका ठोक्यावर आले.

मात्र ही वाहिनी लगेच पूर्ण क्षमतेने वापरण्यात आली नाही. प्रत्यावर्ती प्रवाह आज्ञेने चालत नाही. ज्या वाटेने अडथळा कमी, तिकडे तो अधिक वळतो. दूर कोठे एखादे जनित्र बंद पडले तरी येथील भार क्षणात बदलतो. कोणताही एक घटक अचानक निकामी झाला तरी उरलेल्यांनी भार पेलला पाहिजे, हा नियोजनाचा नियम आहे. त्यामुळे एकाच वाहिनीवर फारसा भरवसा ठेवता येत नव्हता. २०१४ साली शेजारची दुसरी वाहिनी तयार झाली. पुढे आणखी वाटा निघाल्या, तसतशी दक्षिणेकडे नेण्याची मर्यादा वाढविण्यात आली.

त्यानंतरच्या मोठ्या वाटेसाठी पुन्हा एकदिश प्रवाहच निवडला गेला. छत्तीसगडमधील रायगडपासून तमिळनाडूतील पुगळूरपर्यंतची, साडेसतराशे किलोमीटरहून लांब असलेली वाहिनी ८०० किलोव्होल्टवर ६,००० मेगावॉट नेऊ शकते. तेथून केरळमधील त्रिशूरकडे २,००० मेगावॉटचा फाटा जातो. दाट वस्तीच्या त्या राज्यात मनोऱ्यांना जागा मिळणे अवघड होते, म्हणून त्याचा काही भाग जमिनीखालून केबलने नेलेला आहे.