उजवीकडे वळायचंय? डाव्या लेनमध्ये या!

प्रश्न : मुलगा मेलबर्नला असतो. दिवाळीनंतर आम्ही दोघं तीन महिने त्याच्याकडे जाणार आहोत. पुण्याच्या गर्दीत मी वर्षानुवर्षं गाडी चालवतोय. तिथेही गाड्या डावीकडूनच चालतात. तरी मुलगा म्हणतो, ‘बाबा, शहरात नको.’ तो उगाच घाबरतोय का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचा हात सराईत आहे, यात शंका नाही, पण मुलाची काळजीही रास्त आहे. अमेरिकेत गेलेला माणूस बाजू बदलली म्हणून पहिल्या दिवसापासून सावध असतो. मेलबर्नमध्ये सगळं ओळखीचं वाटतं आणि हात आपोआप जुन्या सवयीने चालू लागतात. तिथला खरा फरक आधी कोणी जायचं, यात आहे.

ट्रामचंच पाहा. मेलबर्नचं ट्रामचं जाळं जगातलं सर्वांत मोठं, सुमारे २५० किलोमीटरचं. ट्राम बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या मधोमध धावते. पुष्कळ थांब्यांवर फलाट नसतो. दार उघडलं की माणसं थेट रस्त्यावर उतरतात आणि तुमच्या लेनमधून फुटपाथकडे निघतात. अशा वेळी ट्रामच्या मागेच थांबायचं. दारं बंद होऊन रस्ता मोकळा झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. डावीकडे जागा दिसली की गाडी काढायची ही आपली सवय तिथे कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

दुसरा प्रकार हुक टर्नचा. शहराच्या मध्यभागी काही चौकांत उजवीकडे वळायला डावीकडच्या लेनमध्ये यावं लागतं. उजवा इंडिकेटर द्यायचा, हिरव्या दिव्यावर चौकात शिरायचं आणि डाव्या कडेने शक्य तितकं पुढे जाऊन थांबायचं. पादचाऱ्यांचे पट्टे अडवायचे नाहीत. ज्या रस्त्याला लागायचं आहे, त्याचा दिवा हिरवा झाला की वळायचं. ट्रामचे रूळ मोकळे राहावेत म्हणून ही सोय आहे. चौकात तशी पाटी असते. गोंधळ उडालाच, तर सरळ पुढे जा आणि वळसा घालून या.

सिग्नलला वळताना तो रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याचा हक्क पहिला. राउंडअबाउटमध्ये आधीच आत असलेल्या गाडीला वाट द्यायची. पुण्यात समोरचा काहीही करेल हे धरून आपण सांभाळून घेतो. तिथे तुम्ही नियमानेच वागाल, हे समोरच्याने धरलेलं असतं आणि त्याच भरवशावर तो पाऊल टाकतो. आपल्याकडची चपळाई तिथे हा भरवसा मोडते.

आता व्यवहाराचं. वस्तीत वेगाची पाटी नसेल तर मर्यादा ताशी ५० किलोमीटर. शहराच्या मध्यभागी बहुतेक ठिकाणी ४०. कॅमेऱ्यांचं लक्ष असतं. मोबाइल हातात घ्यायचा नाही, आणि मागे बसणाऱ्यांनीही सीटबेल्ट लावायचा. सिटीलिंक आणि ईस्टलिंक या रस्त्यांवर टोलनाके नाहीत; गाडीचा टॅग किंवा नंबर टिपून टोल आकारतात, तेव्हा त्याची व्यवस्था मुलाला आधीच विचारून ठेवा. त्याच्या गाडीचा विमा तुम्ही चालवत असतानाही लागू होतो का, हेही पाहा. आपला मूळ परवाना जवळ असू द्या. तो इंग्रजीत नसेल, तर भाषांतर किंवा आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना लागेल. तो वर्षभर चालतो.

पहिले काही दिवस शहरात ट्रामनेच फिरा. मध्यवर्ती भागात तिला तिकीट लागत नाही. खिडकीशी बसून चौकात गाड्या कशा थांबतात, कशा वळतात ते नीट पाहा. मग रविवारी सकाळी उपनगरातल्या शांत रस्त्यांवर मुलाला शेजारी बसवून गाडी घ्या. तो ‘थांबा’ म्हणाला, तर आधी थांबा; कारण नंतर विचारा.