शिंपल्यातील धातूंचे कोठार

ओहोटी लागली म्हणजे आमच्या पालघरच्या किनाऱ्यावर कालवे व तिसऱ्या वेचणारी मंडळी दिसू लागतात. हे प्राणी कल्ल्यांनी समुद्राचे पाणी गाळून अन्नकण ग्रहण करितात. परंतु त्यांबरोबर तांबे, जस्त, कॅडमियम हे धातूही शरीरात शिरतात. पेशींतील गंधकयुक्त प्रथिने त्यांस बांधून ठेवितात. काही धातू सूक्ष्म कणरूपाने साचतात. त्यायोगे प्राणी जगतो, पण साठा वाढतो, व शिजविल्यानेही तो नाहीसा होत नाही. जपानात मिनामाटा येथे १९५६ साली उघडकीस आलेला रोग पारा साठलेली मासळी व शिंपले खाल्ल्यानेच जडला होता. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते. ते पूर्ण शुद्ध करूनच सोडावे, असा आग्रह आम्ही धरितो, तो कोळीवाड्यांतील ताटांसाठी.