परसबागेतील रामबुतान : बी नव्हे, कलम लावावे

लिचीच्या कुळातील रामबुतान हे मूळचे मलाया-इंडोनेशियाकडील फळझाड आता केरळमधील परसबागांत चांगले रुजले आहे. फळातील ताजे बी सहज उगवते. मोह तिथेच होतो. बियांपासून वाढलेल्या झाडांत पुष्कळ झाडे नर निघतात आणि हे पहिला फुलोरा येईपर्यंत, म्हणजे साधारणतः पाच-सहा वर्षे, कळत नाही. नर झाडास फळ धरत नाही. घरी जागा एकाच झाडापुरती असल्यास हा धोका पत्करू नये. उत्तम फळे देणाऱ्या झाडाचा डोळा भरलेले कलमच आणावे. भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेच्या कोडगूतील चेट्टळ्ळी केंद्राने लाल फळांचा ‘अर्का कूर्ग अरुण’ व पिवळसर फळांचा ‘अर्का कूर्ग पीताभ’ हे वाण विकसित केले आहेत.

कलमाच्या जोडाखालील फुटवे दिसताच काढावेत. अन्यथा खुंटच वाढून कलम मागे पडते. उष्ण-दमट हवा व निचऱ्याची जमीन आवश्यक असते. सुरुवातीची दोन वर्षे सावली करावी. कोरड्या वाऱ्याने किंवा खारट पाण्याने पानांच्या कडा करपतात, म्हणून बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे. तोडलेले फळ पुढे पिकत नाही. साल पूर्ण रंगल्यावरच घोस कापावेत. वटवाघळांपासून संरक्षणासाठी जाळी लागते.