घरातील ओल, बुरशी व आग : तिहींचे निवारण एकाच व्यवस्थेने

घरास पाण्याचे भय निराळे व अग्नीचे भय निराळे, असे समजण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आगोटीपूर्वी कौले चाळावी, आणि होळीच्या सुमारास विस्तवास जपावे, एवढे केले म्हणजे घरधन्याचे काम झाले असे मानले जाते. परंतु महसूल खात्यातील चाकरीत नुकसानीचे पंचनामे लिहिता लिहिता आम्हांस जे दिसून आले, ते असे की, ओल, बुरशी व आग ही तिन्ही बहुधा एकाच घरात व एकाच कोपऱ्यात वस्तीस असतात. जेथे हवा खेळत नाही, आणि जेथे निरनिराळ्या जातीचे जिन्नस एकावर एक रचलेले असतात, तेथे पावसाळ्यात ओल मुरते. ओलीवर बुरशी चढते. आणि त्याच ठिकाणी पुढे विस्तव पेटण्यासही जागा होते. सबब या तिहींचा विचार एकत्र करणे इष्ट आहे. प्रस्तुत लेख अंबरनाथच्या पूर्वेकडील गावे व बदलापूरची बाजू ध्यानात ठेवून लिहिला आहे. तथापि घाटाखालील कोणत्याही भातकरी शेतकऱ्यास तो उपयोगी पडावा.

आपल्या मुलखातील पाऊस

ठाणे जिल्ह्यात पर्जन्य साधारणपणे शंभर इंचांच्या घरात पडतो, व तो जवळजवळ सर्वच जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत पडतो. काकोळ्याच्या बाजूच्या टेकड्यांतून निघणारी वालधुनी आमच्या गावातून जाऊन उल्हास नदीस मिळते. या दोन्ही पाण्यांचा कोप २००५ सालच्या २६ जुलै रोजी सर्वांनी पाहिला. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, व इकडे नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. २०१९ सालच्या २७ जुलै रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकून हजारावर प्रवासी सोडवून आणावे लागले, हेही वाचकांच्या स्मरणात असेल.

वालधुनीच्या काठीच शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० च्या शिलालेखाचे शिलाहारकालीन शिवालय उभे आहे. त्याचा गाभारा पायऱ्या उतरून खाली जावे इतका खोल आहे. इतकी शतके पाऊस अंगावर घेऊनही ते टिकले, याचे एक कारण उघड आहे : ते काळ्या पाषाणाचे आहे, त्यात कुजण्याजोगे किंवा जळण्याजोगे फारसे काही नाही. आपली घरे तशी नाहीत. त्यांत लाकूड आहे, माती आहे, धान्य आहे, पेंढा आहे, आणि माणसे व जनावरे आहेत. देवळाने सोसली ती ओल आपल्या घरास सोसणार नाही.

ओल येण्याच्या वाटा

घरात ओल चार वाटांनी येते. ती कोणत्या वाटेने येते हे प्रथम ओळखल्यावाचून केलेला खर्च व्यर्थ जातो.

१. वरून. कौल सरकले, फुटले, किंवा स्लॅबास भेग पडली, म्हणजे पाणी गळते. डाग छपराजवळ दिसतो व पावसाबरोबर वाढतो. कौले चाळताना वासे व रिपा टोचून पाहाव्या. लाकूड मऊ लागल्यास ते त्याच वर्षी बदलावे.

२. बाजूने. नैर्ऋत्येकडील भिंतीस पावसाची झड लागते. वळचण दोन ते तीन फूट बाहेर काढावी, आणि त्या बाजूस पेंढ्याची किंवा झावळ्यांची ताटी बांधावी. ताटी व भिंत यांत वीतभर अंतर असावे, नाही तर ताटीच भिंतीस ओली ठेवते.

३. खालून. जमिनीतील पाणी भिंत शोषून घेते. अशी ओल जमिनीपासून दोन-तीन हातांपर्यंत चढते, भिंतीस पांढरा लोणा लागतो व गिलाव्याचे पोपडे सुटतात. यास उपाय जोते उंच असणे हा होय. नवे घर बांधताना जोते निदान दोन फूट ठेवावे, व त्यावर ओल अडविणारा थर घालावा. जुन्या घरास पागोळ्यांचे पाणी वाहून नेणारा चर भिंतीपासून तीन फुटांवर काढावा. भिंतीस टेकून शेणखताचा किंवा मातीचा ढीग कधीही ठेवू नये.

४. आतून. हिचा विचार फारसा कोणी करीत नाही. चुलीवरील भाताची वाफ, माणसांचा श्वास, व बंद खोलीत वाळत घातलेले कपडे यांचे पाणी हवेत जाते व गार भिंतीवर दव होऊन बसते. स्वयंपाकघरास धुराडे व समोरासमोर दोन खिडक्या असल्यास ही ओल बरीच कमी होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संततधार चालू असता बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. तेव्हा दारे उघडून भिंती वाळत नाहीत. उघडीप पडून ऊन आले की, त्या घटकेस सर्व दारे-खिडक्या उघडाव्या, व पंखा असल्यास तो लावावा.

मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करण्याची चाल अलीकडे पडली आहे. ती आम्हांस हितावह वाटत नाही. सिमेंट पाणी आत येऊ देत नाही हे खरे, परंतु खालून चढलेले पाणी ते बाहेरही जाऊ देत नाही. मग भिंत आतल्या आत भिजून भुसभुशीत होते. मातीच्या भिंतीस माती किंवा चुना हाच गिलावा योग्य होय.

बुरशी

बुरशीचे सूक्ष्म बीज सर्व ठिकाणच्या हवेत असते. ते घालवून देणे शक्य नाही. त्यास रुजण्यास ओल मात्र पाहिजे. एखादी वस्तू दीड-दोन दिवस भिजलेली राहिली म्हणजे तीवर बुरशी धरू लागते. अर्थात बुरशीचा खरा उपाय औषध नसून वाळविणे हा आहे. बुरशी आलेली भिंत प्रथम साबणाच्या पाण्याने घासून काढावी, घासताना नाकातोंडास फडके बांधावे, भिंत पुरती वाळू द्यावी, आणि नंतर ताज्या विरविलेल्या चुन्याचे दोन हात द्यावे. चुन्याच्या तीव्र क्षारामुळे बुरशीस वाढणे कठीण जाते. ओल्या बुरशीवरच रंग फासल्यास ती महिन्याभरात वर येते.

फरशी धुण्याचे ब्लीचिंग व संडास धुण्याचे आम्ल ही कधीही एकत्र करू नयेत. त्यांपासून विषारी वायू उत्पन्न होतो.

धान्य व बियाणे

भातात १४ टक्क्यांहून अधिक ओल असता ते साठवू नये. बियाण्यास १३ टक्के किंवा त्याहूनही कमी बरी. घरच्या घरी पाहण्याची रीत अशी : तव्यावर भाजून कोरडे केलेले मीठ थंड करून कोरड्या काचेच्या बाटलीत घालावे, बाटलीचा तिसरा हिस्सा भरेल इतके भात त्यात टाकावे, व चांगले हलवावे. मिठाचे कण काचेस चिकटले तर भात अजून ओले आहे. मीठ सुटे राहिले तर साठविण्यास हरकत नाही.

पोती किंवा कणगी जमिनीस व भिंतीस टेकून ठेवू नयेत. खाली फळ्या घालून सहा इंच उचलावी, आणि भिंतीपासून निदान एक फूट सोडावी. बुरशी धरलेले धान्य माणसास व जनावरास, दोघांसही अपायकारक होय. काही बुरशांचे विष शिजवूनही जात नाही. बुरशी आलेला पेंढा झटकताना जी धूळ उडते, तिच्या नित्य संसर्गाने शेतकऱ्यास फुफ्फुसाचा विकार जडतो.

ओलीपासून आग

पाण्याने भिजलेली वस्तू पेटत नाही, अशी पुष्कळांची समजूत आहे. पेंढ्याच्या बाबतीत ती घातक आहे. दिवाळीच्या सुमारास अवकाळी पाऊस येतो व कापलेले भात भिजते. घाईने तो पेंढा अर्धा ओला असताच रचला, तर आतील सूक्ष्म जंतू व बुरशी वाढू लागून त्यांच्या श्वसनाने उष्णता उत्पन्न होते. पेंढा उष्णतेस बाहेर जाऊ देत नाही. उष्णमान ६५ ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत चढल्यावर जंतू मरतात. परंतु तोवर रासायनिक क्रिया सुरू झालेली असते, व ती वाढत जाऊन रचलेली गंजी कोणी काडी न लावताच आतून पेट घेते. रचल्यापासून पहिले सहा आठवडे विशेष भीतीचे असतात.

परीक्षा सोपी आहे. लोखंडी पहार गंजीत खोल खुपसून पाव तास ठेवावी व काढावी. हातात धरवणार नाही इतकी ती तापली, किंवा गंजीतून जळकट-आंबूस वास व वाफ येऊ लागली, तर धोका समजावा. अशा वेळी गंजीवर चढू नये. आत पोकळी जळून गेलेली असू शकते. ती घाईने उपसूही नये, कारण वारा लागताच भडका होतो. अग्निशमन दलास बोलावून, पाणी तयार ठेवून मगच ती उलगडावी. मुळात पेंढा खळखळीत वाळल्यावाचून रचू नये, आणि गंजी घर व गोठा यांपासून निदान ५० फूट दूर असावी.

ओलीपासून आग लागण्याची दुसरी वाट विजेची आहे. ओल्या भिंतीतील तारांचे जोड गंजतात. गंजलेला जोड तापतो. व त्याशेजारी पोपडे, जळमटे किंवा लाकूड असल्यास ते पेटते. म्हणून जेथे भिंतीस ओल आहे तेथील बटणे व जोड आगोटीपूर्वी जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावे. फ्यूज उडाला असता त्या जागी जाड तांब्याची तार घालणे म्हणजे पहारेकऱ्यास झोपविणे होय. ३० मिलिअँपियर गळती होताच वीज तोडणारी खटकी घरात बसवून घ्यावी. ती माणसाचा प्राणही वाचविते.

चूल, काडी व सिलिंडर

१९२३ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा काडेपेट्यांचा कारखाना अंबरनाथ येथे होता, हे जुन्या मंडळींस ठाऊकच आहे. सुरक्षित काडीचे मर्म असे की, पेटण्यास लागणारे पदार्थ तीत एकत्र ठेवलेले नसतात : काडीच्या डोक्यात पोटॅशियम क्लोरेट, तर पेटीच्या बाजूस तांबडा फॉस्फरस. दोन्ही घासली जातील तेव्हाच ज्वाला होते. हेच तत्त्व घरासही लागू आहे. विस्तव एका ठिकाणी व जळाऊ जिन्नस दुसऱ्या ठिकाणी असला म्हणजे झाले.

याच्या उलट केल्याने काय होते, ते १९४४ सालच्या १४ एप्रिल रोजी मुंबई बंदरात दिसले. फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजात कापसाच्या गाठी व दारूगोळा एकत्र भरलेला होता. कापसास आग लागली, ती दारूगोळ्यास पोहोचली, व प्रचंड स्फोट होऊन शेकडो माणसे दगावली. विझविण्यास गेलेल्या बंबवाल्यांपैकीही अनेक जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो. आपल्या घरात दारूगोळा नसेल. परंतु चुलीवरच्या माळ्यात पेंढा, कोपऱ्यात डिझेलचा डबा, शेजारी गोवऱ्या, व वर वाळत घातलेली ओली लाकडे, ही भरती त्याच जातीची आहे. लाकडे चुलीवर न वाळविता पडवीत हवेशीर रचावी. डिझेल व रॉकेल घराबाहेर ठेवावे.

सिलिंडरातील वायू हवेहून जड असल्याने तो गळाल्यास जमिनीलगत पसरतो. वास येताच दिवा किंवा पंख्याचे बटण लावू नये व बंदही करू नये. झडप बंद करावी, दारे उघडावी, बाहेर पडून १९०६ या क्रमांकावर कळवावे. कढईतील तेल पेटल्यास पाणी ओतू नये. शेगडी बंद करून झाकण ठेवावे. विजेच्या आगीवरही, मुख्य खटका पाडल्यावाचून, पाणी मारू नये. बंबासाठी क्रमांक १०१ आहे. परंतु बंब येईपर्यंत उपयोगी पडाव्या म्हणून वाळूच्या दोन बादल्या व भरलेले पिंप दाराशी असावे.

पुरानंतर, आणि कागदपत्रांविषयी

पुराचे पाणी घरात शिरण्याआधीच मुख्य खटका पाडावा, व पाणी ओसरल्यावर तारा तपासल्यावाचून तो वर करू नये. साफसफाईपूर्वी नुकसानीची छायाचित्रे घ्यावी व तलाठी कार्यालयास कळवावे. पंचनाम्यास जे दिसते तेच लिहिता येते. नंतर गाळ ओला असतानाच काढावा, भिजलेल्या गाद्या व पोती त्याच दिवशी बाहेर न्यावी.

सातबाऱ्याचा उतारा आता केव्हाही नव्याने मिळतो, व नोंदणी झालेल्या खरेदीखताची नक्कलही दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून काढता येते. परंतु घरगुती वाटपाचा कागद, जुनी पावती, हातउसन्याची चिठ्ठी यांस दुसरी प्रत नसते. पेटी बाहेरील भिंतीशी ठेवल्याने असे कागद ओलीने व वाळवीने नष्ट झालेले आम्ही पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यापायी भावाभावांत दावे लागलेलेही पाहिले आहेत. पत्र्याची पेटी आतील भिंतीजवळ, उंच फळीवर ठेवावी, आणि प्रत्येक कागदाची नक्कल दुसऱ्या घरी असू द्यावी.

वर्षाचा क्रम

वैशाखात कौले, वळचण, चर व विजेचे जोड पाहावे. श्रावणाच्या उघडिपीत धान्य व अंथरूण उन्हास काढावे. कार्तिकात मिठाच्या बाटलीने भात व पहारेने गंजी तपासावी. माघात चुन्याचे हात द्यावे, आणि घराभोवतालचे वाळले गवत काढून टाकावे. एका घरास लागलेली आग वाडीस लागते. सबब सोसायटीच्या सभासदांनी वैशाखातील ही पाहणी आपल्या घरापुरती न करिता, शेजारच्या दोन घरांचीही त्यांच्या धन्याबरोबर करावी, अशी आमची सूचना आहे.