मुरमाच्या रस्त्यावरची सायकल



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी सातवीच्या प्रत्येकाला एक अभ्यासलेख लिहायला सांगितला. कोणी मोहाचे झाड घेतले, कोणी पाण्याचे शुद्धीकरण. मी सायकल घेतली. त्याला कारण आहे. आपली शाळा सातवीपर्यंतच. आठवीची शाळा मोठ्या रस्त्यावरच्या गावात, इथून सात किलोमीटर. पहिले दोन किलोमीटर धानाच्या बांध्यांमधून, मधले तीन जंगलातून आणि शेवटचे दोन डांबरी. म्हणजे पाच किलोमीटर सगळा मुरूमच. दोन वर्षांपूर्वी माझी आतेबहीण, मी तिला ताई म्हणते, नाल्याच्या उतारावर सायकलीवरून पडली. तिचे मनगट मोडले. हात जुळला, पण शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हापासून आमच्या घरात एकच वाक्य आहे, "त्या रस्त्यावर पोरीची सायकल नको." म्हणून मला शोधून काढायचे होते की ताई पडली कशामुळे.

प्रथम रस्ता पाहू. आपण त्याला कच्चा रस्ता म्हणतो, पण तो नुसती माती टाकून केलेला नाही. रस्त्यावर कामाला गेलेल्या माणसांना विचारले तर ते सांगतात, आधी मोठी खडी पसरतात, रोलर फिरवतात, मग बारीक खडी आणि मुरूम टाकून पाणी मारतात व पुन्हा रोलर फिरवतात. बांधकाम खात्यात याला डब्ल्यूबीएम म्हणतात. त्यातला एम म्हणजे मॅकॅडम. हे एका माणसाचे आडनाव आहे! जॉन लाउडन मॅकॅडम हा स्कॉटलंडचा रस्ते बांधणारा, 1756 साली जन्मला आणि 1836 साली वारला. त्याने दाखवून दिले की फोडलेली, धारदार कोपऱ्यांची लहान खडी नीट पसरली तर वरून जाणाऱ्या गाड्यांच्या वजनानेच ती एकमेकींत घट्ट अडकते. नदीतले गोल गोटे असे अडकत नाहीत, ते घरंगळतात. रोलर आणि पाणी या गोष्टी पुढे आल्या. मुरूम हा खडीच्या फटीत बसून तिला धरून ठेवतो.

आता पाऊस काय करतो ते बघा. तो मुरूम धुऊन नेतो. मग खडी सुटी होते. ट्रॅक्टर आणि बैलगाडीची चाके जिथून जातात तिथे रस्ता दाबला जाऊन टणक राहतो, आणि सुटी खडी बाजूला फेकली जाते. ती तीन ठिकाणी साचते : दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर, रस्त्याच्या कडेला, आणि वळणावर बाहेरच्या अंगाला. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी एका रविवारी नाल्यापर्यंत चालत जाऊन हे पाहून आलो. नाल्याच्या उतारावर वळण आहे आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला बोटभर जाड सुट्या खडीचा थर आहे. ताई नेमकी तिथेच पडली होती.

मग मी ताईला विचारले. ती आधी काही बोलेना. नंतर म्हणाली, "समोरून बैलगाडी आली, मी बाजूला झाली आणि ब्रेक दाबला, बस्स." कोणत्या हाताने दाबला? उजव्या. ती उजव्या हातानेच सगळे करते, आपल्यापैकी बहुतेक जण तसेच करतात. मी गोठ्यात जाऊन तिची सायकल पाहिली. उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा निघाला. (सगळ्या सायकलींना तसाच असतो असे समजू नये. प्रत्येकाने आपली सायकल उभी करून, चाक फिरवून स्वतः पाहावे.)

गुरुजींनी याचे कारण समजावून दिले. सायकल वळते ती टायर आणि जमीन यांच्यातल्या घर्षणामुळे. ब्रेक लागतो तोही त्याच घर्षणामुळे. घर्षण म्हणजे जणू घरात असलेले पैसे. वळण्यात खर्च केले तर थांबण्यासाठी कमी उरतात. डांबरावर हे पैसे भरपूर असतात, सुट्या खडीवर थोडेच, कारण टायरखालचे दगडच घरंगळतात. वळणावर, सुट्या खडीवर पुढचा ब्रेक जोरात दाबला की पुढचे चाक फिरायचे थांबते आणि घसरते. घसरणाऱ्या चाकाने सायकल वळवता येत नाही, तोलही सावरता येत नाही. माणूस एका क्षणात खाली. मागचे चाक घसरले तर सायकल मागून थोडी हलते, पण हँडल आपल्या हातात राहते आणि पाय टेकवायला वेळ मिळतो.

आम्ही याचा प्रयोगही केला. शाळेच्या मागच्या उतारावर एका खुणेपासून पायडल न मारता सायकल सोडायची आणि खालच्या रेघेवर फक्त मागचा ब्रेक दाबायचा. टणक जमिनीवर सायकल चार पावलांत थांबली. मग तिथेच घमेलेभर खडी पसरली, तर सात पावले लागली. पुढच्या ब्रेकचा प्रयोग करायला गुरुजींनी मनाई केली. ती केली ते बरे झाले, कारण आमच्या वर्गातला एक जण तयारच होता.

यावरून असे कळले की ब्रेक वळणात दाबायचा नसतो, वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर असतानाच वेग कमी करायचा. मागचा ब्रेक मुख्य, पुढचा अगदी हलका. वळणात टणक चाकोरी सोडायची नाही. समोरून गाडी आली तर खडीत शिरण्यापेक्षा आधीच उतरून उभे राहावे. त्यात लाज कसली? ताईला हे कोणी सांगितलेच नव्हते. आपल्याला सायकल शिकवतात म्हणजे मागून कॅरिअर धरतात आणि सोडून देतात.

आता टायरविषयी. पूर्वी सायकलीची चाके भरीव रबराची असत आणि दगडी रस्त्यावर बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत. 1888 साली बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर बनवला. तिथून हवेचा टायर प्रचारात आला. म्हणजे तो मुळात खराब रस्त्यावरच्या एका लेकरासाठीच झालेला शोध आहे. आपण मात्र हवा भरताना टायर दगडासारखा कडक करतो. कडक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो. किंचित नरम टायर खड्याला कवेत घेतो, त्यामुळे जमिनीवर त्याची पकड जास्त राहते. पण फार नरमही नको. हवा कमी असेल तर दगडावर आदळताना ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चेंगरते आणि तिला शेजारीशेजारी दोन भोके पडतात. पंक्चर काढताना जोडभोके दिसली तर समजावे, हा काटा नव्हे, हवा कमी होती. अंगठ्याने जोरात दाबल्यावर टायर थोडासा दबावा, एवढी हवा मुरमाला ठीक.

थोडे गणितही केले. बाबांच्या सायकलीला पुढे 44 दाते आणि मागे 18 आहेत. चाकावर खडूची खूण करून मोजले तर एका फेरीत ते 220 सेंटीमीटर जाते. म्हणजे पायडलच्या एका फेरीत सुमारे 5.4 मीटर. सात किलोमीटरला जवळजवळ 1300 फेऱ्या. ऐकायला फार वाटतात, पण आई धान रोवताना किती वेळा वाकते ते मोजून पाहा.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचे गाव आहे. तिथे 2006 साली अशाच खडीच्या ग्रामीण रस्त्यांवर 200 मैलांची, म्हणजे सुमारे 320 किलोमीटरची सायकल शर्यत सुरू झाली. तिथल्या टेकड्यांत चकमकीचे धारदार दगड आहेत, ते टायर फाडतात. त्यांच्या सायकलींना रुंद टायर आणि चांगले ब्रेक असतात. हे वाचून बाबा म्हणाले, "तिथं लोक हौसेनं खडीवरून जातात होय?"

जंगलाचे मात्र वेगळे. तिथे खडीपेक्षा वेळ महत्त्वाची. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो आणि मोहफुलांवर अस्वल येते. ते पहाटे आणि संध्याकाळी झाडाखाली असते. त्याची नजर अधू, नाक तेवढे तेज. माणूस अचानक समोर आला की ते घाबरून अंगावर येते. म्हणून उजाडल्याशिवाय निघू नये, तिघी-चौघींनी मिळून जावे, आणि वळणाआधी घंटी वाजवावी, बोलत जावे. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असेल तर सायकल हातात धरूनसुद्धा उतरू नये. गुडघाभर पाणीही चाकासकट माणसाला ढकलते. त्या दिवशी शाळा बुडली तरी चालेल.

मागच्या रविवारी मी बाबांना घेऊन गेले. ते त्यांच्या सायकलवर, मी गुरुजींच्या. नाल्याच्या उतारावर मी वळणाच्या बरीच आधी वेग कमी केला आणि डाव्या चाकोरीतून खाली आले. बाबा वर थांबले होते. मी मागे वळून पाहिले तेव्हा ते सायकल झाडाला टेकवून वळणावरची सुटी खडी पायाने कडेला सारत होते. परत येताना काही बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, लेख पूर्ण कर, मी सभेला येऊन वाचतो.

ताईची सायकल अजून गोठ्यातच आहे. तिच्या व्हॉल्व्हची रबरी नळी वाळून फाटली आहे, मागच्या ब्रेकचे गुटके झिजले आहेत, टायर मात्र चांगले आहेत. नळी मी आणून ठेवली आहे.